जरा गोरं करा

गारखेड्यात आमच्या शेजारच्या काकूंना फोटोंचा लई नाद. नवं एडिटिंग सॉफ्टवेअर मिळालं की त्या आधी सावळ्या पुतणीचा फोटो त्यात उघडतात. चेहरा आपोआप उजळला, की सॉफ्टवेअर काढून टाकतात. "पोरगी आमची, अन् रंग हे ठरवणार व्हय?" शेवटी एक फुकटचं, किचकट सॉफ्टवेअर टिकलं. तेच त्या चिडचिड करत शिकल्या.

परवा गंगापूरहून त्यांचे दीर, पुतणीचे वडील, आले. "वहिनी, स्थळाला फोटो पाठवायचाय. जरा गोरं करा."

काकू माउस फिरवत बसल्या. मीही बघत होते.

फोटो बघून दीर म्हणाले, "पोरगी तर हाय तशीच हाय."

"मागची भिंत केली की गोरी," काकू म्हणाल्या. "आता पोरगी कशी उठून दिसती बघा."