नसलेल्या पुस्तकाचा शोध

आमच्या कॉलेजच्या ग्रंथपालांइतका 'नाही' म्हणायला घाबरणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही. लग्नाच्या पंगतीत पाचव्यांदा जिलबी आली तरी ते पानावर हात आडवा धरायचे नाहीत. एसटीत कुणी "जरा सरकता का" म्हटलं की सरकत सरकत शेवटी उभेच राहायचे. पण त्यांची खरी भीती वेगळी होती. ग्रंथालयाच्या खिडकीशी आलेल्या माणसाला 'हे पुस्तक नाही' असं सांगायची वेळ आली की घरातलं कुणी आजारी पडल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, सगळं फोनवर मिळतं, मग कॉलेजला लायब्ररियन लागतो कशाला?" एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईला या प्रश्नाचं उत्तर चार वाक्यांत देता यायला हवं होतं. आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

ते दिवेआगरला राहायचे आणि रोज सकाळच्या एसटीने श्रीवर्धनला यायचे. ग्रंथालयाच्या दारात खिळ्याला एक पंचा टांगलेला असे. पावसाळ्याचे चार महिने त्या पंच्याला हात पुसल्याशिवाय आत जायची कुणालाच परवानगी नव्हती, प्राचार्यांनासुद्धा. एकदा संस्थेचे अध्यक्ष, सुपारीचे मोठे व्यापारी, पाहुण्यांना घेऊन आले. ग्रंथपाल खुर्चीतून उठले, नमस्कार केला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "साहेब, हात." अध्यक्षांनी पुसले, मग पाहुण्यांनीही रांगेने पुसले. मागितलेलं पुस्तक दुसऱ्या कुणी नेलेलं असलं तर ते जवळपासचं दुसरं काढून द्यायचे, "हे ने तोवर. हेही वाईट नाही." संख्याशास्त्राचं पुस्तक मागायला आलेला एक विद्यार्थी असाच मधमाश्यांवरचं पुस्तक घेऊन गेला. पुढे त्याने म्हसळ्याच्या बाजूला मधाच्या पेट्या ठेवल्या. मधमाश्या संख्याशास्त्राच्या 'जवळपास' कशा, हे मी कधी विचारलं नाही. आमच्याकडे एकदा जेवायला आले, तर मी पोळ्या करत असताना त्यांनी माझे मसाल्याचे डबे विषयवार लावून ठेवले. पुढचा आठवडाभर मला हिंग सापडला नाही. फोन करून विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, हिंग हा मसाला नाही, तो डिंक आहे. वरच्या फळीवर, गुळाशेजारी बघा."

अशा माणसाचं काम मात्र एका जागी थांबलं नाही. ते लागले तेव्हा काम म्हणजे एक चावी, एक नोंदवही आणि कार्डांचे लाकडी खण. मग संगणक आला. वयाच्या पंचेचाळिशीत ते अलिबागला जाऊन तो शिकून आले आणि हजारो पुस्तकांवर स्वतःच्या हाताने काळ्या पट्ट्यांचे बारकोड चिकटवले. मग नियतकालिकं पडद्यावर आली. मग मूल्यांकनाचे फॉर्म आले, कॉलेजची वेबसाइट आली, प्रबंधात कुणी कुणाचं उतरवलं आहे ते तपासायचं यंत्र आलं, आणि ज्याचा कुणी धनी नव्हता ते प्रत्येक काम ग्रंथालयात येऊन पडलं, बिघडलेल्या प्रिंटरसकट. दारावरची पाटी तीनदा बदलली. शेवटची पाटी 'ज्ञानस्रोत केंद्र' अशी होती. तिच्याखाली उभं राहून एक म्हातारे गृहस्थ मला विचारत होते, "बाई, इथली लायब्ररी कुठं गेली?"

त्यांच्या निवृत्तीला सहा महिने उरले तेव्हा अध्यक्षांनी विषय काढला. मी तेव्हा निवृत्त झाले होते, पण ग्रंथालय समितीवर होते. अध्यक्ष वाईट माणूस नव्हेत. ते सरळ म्हणाले, "सर, राग मानू नका. माझा नातू दोन मिनिटांत फोनवर सगळं काढून दाखवतो. तुमच्यामागे ही जागा भरायची तर मला वर कारण द्यावं लागेल. पुढच्या बैठकीत सांगा, तुम्ही असं काय करता जे फोन करत नाही?" बाहेर आल्यावर ग्रंथपाल मला म्हणाले, "मॅडम, माझं काय, मी चाललोच. पण त्या खिडकीत माझ्यानंतर कुणी बसणारच नाही, असं होऊ देणार का?"

त्याच आठवड्यात दर्शना आली. ही श्रीवर्धनच्या कोळीवाड्यातली, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. सुकी मासळी विकणाऱ्या बायकांवर तिचा प्रबंध होता. फोनवरच्या त्या उत्तरं देणाऱ्या यंत्राला विचारून तिने संदर्भांची यादी केली होती. त्यातलं एक पुस्तक तंतोतंत तिच्या विषयावरचं होतं, कोकण किनाऱ्यावरच्या कोळी स्त्रियांच्या व्यापाराबद्दल. लेखकाचं नाव, पुण्याचा प्रकाशक, साल, पान क्रमांक, सगळं जिथल्या तिथे. "सर, एवढा एक पुस्तक भेटला ना, की माझा काम झाला," ती म्हणाली. ग्रंथपालांचे डोळे चमकले. मला वाटतं, अध्यक्षांना द्यायचं उत्तर आपण होऊन चालत आलं, असंच त्यांना वाटलं असणार.

ते पुस्तक आमच्याकडे नव्हतं. त्यांनी पुणे, मुंबई, कोल्हापूर, रत्नागिरी इथल्या ग्रंथालयांना पत्रं आणि ईमेल पाठवले. प्रकाशकाचा पत्ता मिळेना, तेव्हा बंद पडला असेल म्हणून जुन्या पुस्तकविक्रेत्यांना फोन केले. लेखक कोळी समाजाचे वाटतात म्हणून मुरुडला जाऊन त्या आडनावाची चार घरं पालथी घातली. एका घरी त्यांना चहा, तळलेले बोंबील आणि लेखक नसलेला, होडी चालवणारा एक तांडेल भेटला. कुणी 'आमच्याकडे नोंद नाही' असं कळवलं की ते म्हणायचे, "नीट बघितलं नसेल." पाच आठवडे गेले. दर्शना मधूनमधून खिडकीशी यायची. एकदा तिचाही धीर सुटला. "सर, हाय का न्हाय तेवढा सांगा. माझी सबमिशनची तारीख जवळ आली."

पान क्रमांकासकट दिलेलं पुस्तक मुळात अस्तित्वातच नसेल, ही शंका आम्हा दोघांनाही शिवली नाही. शिवणार कशी? आमची सगळी हयात छापलेल्या गोष्टींवर विश्वास ठेवण्यात गेलेली. शेवटी एके दुपारी ते माझ्याकडे आले. हातात त्या यादीची प्रत होती. त्यांनी बाकीची नावंही तपासली होती. सातांपैकी तीन पुस्तकं खरी होती. चार कुणी लिहिलीच नव्हती. ती यंत्राने रचली होती. मी पाणी दिलं. त्यांनी पेला तसाच धरून ठेवला. "मॅडम, हरवलेलं पुस्तक मी शोधू शकतो. वाळवीने खाल्लेलं ओळखू शकतो. पण हे... आता मी त्या पोरीला काय सांगू?"

"खरं ते सांगा," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला खिडकीशी उभं न ठेवता आत खुर्चीवर बसवलं आणि नोकरीतलं आपलं पहिलं स्पष्ट 'नाही' उच्चारलं, "दर्शना, हे पुस्तक नाही. कुठेच नाही." ती रडेल असं त्यांना वाटलं होतं. ती म्हणाली, "मग सर, आमच्या बायकांवर कुणीच लिवला न्हाय?" त्यानंतर सबमिशनची तारीख वाढवून घेऊन दोन महिने दोघं खऱ्या कागदांमागे लागले. बाजार समितीची जुनी टिपणं, मासेमारी सोसायटीचे अहवाल, आणि दर्शनाच्या आजीच्या मैत्रिणींनी ओट्यावर बसून सांगितलेल्या हकिगती. त्या हकिगती कशा टिपायच्या, नाव गाव कसं नोंदवायचं, हे तिला ग्रंथपालांनी शिकवलं. हे काम त्यांच्या नेमणूकपत्रात कुठेही नव्हतं.

बैठकीत त्यांनी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. अध्यक्ष हसले. "म्हणजे सर, पाच आठवडे तुम्ही नसलेलं पुस्तक शोधत होतात?"

"हो साहेब."

"आणि तेच आम्ही वर कळवायचं?"

"फोन 'आहे' म्हणाला होता, साहेब. 'नाही' म्हणायला माणूस लागला."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. पण ठराव झाला तो 'तूर्तास जागा रिक्त ठेवावी' असाच. तूर्तास हा शब्द आपल्या संस्थांमध्ये किती वर्षं टिकतो, ते तुमच्या आजीला चांगलं माहीत आहे.

दर्शनाच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "तुमची संदर्भसूची फारच लहान आहे. बाकीची पुस्तकं पाहिली नाहीत का?" ती म्हणाली, "सर, एवढीच आहेत. आमच्या ग्रंथपालांनी बघितलंय." परीक्षकांनी पुढचा प्रश्न विचारला.

ते निवृत्त होऊन आता वर्ष झालं. ज्ञानस्रोत केंद्राची किल्ली प्रयोगशाळेच्या सहायकाकडे असते. खोली छान आहे, गार आहे, नवे संगणक आहेत. मागच्या आठवड्यात मी तिथे वर्तमानपत्र वाचायला गेले, तर शेजारच्या टेबलावर एक मुलगी फोनमधून पुस्तकांची नावं वहीत उतरवून घेत होती. मी विचारलं, "बाळ, ही पुस्तकं पाहिलीस का?" ती म्हणाली, "पाहायची कशाला आजी? नावं आहेत ना." मी उठून कपाटं शोधली. दोन पुस्तकं सापडली. उरलेल्या पाचांचं काय ते मला सांगता येईना. खिडकीमागची खुर्ची रिकामी होती, त्यामुळे विचारायचं कुणाला हेही कळेना.

ती पाच नावं कागदावर उतरवून घेतली आणि बाहेर व्हरांड्यात येऊन मी दिवेआगरला फोन लावला. पलीकडे नारळाच्या वाडीत कुणीतरी पंप चालवत होतं. तो बंद करायला सांगितल्याचं मला ऐकू आलं. मग खुर्ची ओढल्याचा आवाज, कागदाची सळसळ.

"हं मॅडम, पहिलं नाव वाचा," ते म्हणाले. "सावकाश. मी लिहून घेतोय."