मेहंदीचं बोट आणि वंदना सिस्टर

वंदना सिस्टर कळमेश्वरहून सकाळच्या बसने येते आणि नागपूरच्या एका दवाखान्यात इमर्जन्सी वॉर्ड सांभाळते. एकोणीस वर्षं झाली. घाई झाली की बाकीच्यांचा आवाज चढतो, हिचा उतरतो. ‘पळा’ हे ती इतक्या हळू म्हणते, की माणूस पळतोच.

त्या दिवशी दहाच्या सुमारास कामठीच्या जिजाबाईंना आणलं. लघवीचा संसर्ग रक्तात पसरलेला, अंग तापलेलं, बीपी सत्तरवर. मुलगा मनोहर एकच पालुपद लावून होता, “काल माझ्या पोरीच्या मेहंदीत नाचली हो सिस्टर, आज बोलूनच नाही राहिली!”

अँटिबायोटिक गेलं, सलाइन धो धो सुरू झालं. आता प्रश्न एवढाच, की हे पुरतंय का? ते ओळखायची एक साधी रीत मोठे डॉक्टर महिनाभर पेशंटवर पारखून पाहत होते. दर अर्ध्या तासाने बोटाचं टोक दहा सेकंद दाबायचं, सोडायचं, आणि पांढरं पडलेलं बोट किती वेळात लाल होतं ते मोजायचं. तीन सेकंदांच्या आत झालं तर रक्त पोचतंय. उशीर लागला तर उपचार वाढवायचा.

ड्यूटीवरच्या डॉक्टर पियूषने जिजाबाईंचं बोट दाबलं, सोडलं. “फाइन! एकदम फाइन! सिस्टर, सलाइन कमी करा.”

वंदनाचा हात सलाइनच्या चाकावर थांबला. “सर, बोट पांढरं कधी पडलं?”

“म्हणजे?”

“मेहंदी आहे न सर. नखापासून पेरापर्यंत. ते लालच दिसन.”

पियूषने पुन्हा दाबलं. लालच. दुसरा हात, तोही लाल.

“टोंगळा पाहू,” म्हणत वंदनाने चादर सारून गुडघा दाबला. पांढरा ठसा उमटला आणि बसूनच राहिला. तिने ओठांत मोजलं. सहा सेकंद.

पियूषने मोजणीच्या नोंदीचा फॉर्म पुढे ओढला. त्याने फॉर्मवरचा आकडा खोडला, शेजारी ‘माझी चूक’ लिहून सही केली. बीपी वाढवायचं औषध पंपावर लागलं.

मग दर अर्ध्या तासाने गुडघाच. साडेपाच सेकंद. चार. पुन्हा चार. मनोहर वंदनाच्या ओठांकडे बघत उभा. दोन वाजता पिशवीत लघवी उतरू लागली आणि ठसा अडीच सेकंदांत पुसला.

जिजाबाईंनी डोळे किलकिले केले. “काहून वं, सारखा टोंगळाच दाबून राहिली? दुखते तं कंबर!”

“कंबर मंग पाहू, माय. अजून एक डाव मोजू द्या,” वंदना म्हणाली, आणि चादर सारली.