एका आईची दोन पिल्लं

यादोरावजी गेल्याचं कळलं तेव्हा मी वरठीच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला होतो. मोबाइलवर दोन ओळी आल्या. त्या वाचल्या आणि पाळी सुटेपर्यंत काम केलं. आधी दुःख झालं नाही, सुटल्यासारखं वाटलं... एक प्रश्न ते मला आता पुन्हा विचारणार नव्हते. महिना उलटून गेल्यावर लिहितो आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

तुमसरच्या गुरांच्या दवाखान्यात परिचर म्हणून त्यांची उभी नोकरी झाली. निवृत्तीनंतर ओळखीतलं कोणी त्यांना विचारल्याशिवाय जातिवंत कुत्रं घेत नसे. कुत्र्यांची जोडी लावण्याला ते सोयरीकच म्हणत. मादीचं वय काय, मागचं वेत कधी झालं, दोघांच्या खुब्यांचा एक्स-रे काढला का, आईबाप कोण, हे सगळं चहा येईपर्यंत विचारून होई. कुत्र्याची एवढी चौकशी कशाला, असं कोणी म्हटलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "पोरगी देतानी मामकूळ इचारतेस ना? तिले तरी तोंड हाय. याले नाही."

माझ्याकडे जूली नावाची लॅब्रॅडोर होती. पुढे एक नर आणला. दोघांचे वंशावळीचे कागद शेजारी ठेवले तेव्हा दिसलं, की आईचं नाव एकच आहे. पण नर घरातच होता, लोक पिल्लं मागत होते, आणि दुसरा नर शोधायचा मला कंटाळा आला. यादोरावजींनी नराची माय कोण म्हणून विचारलं. मी सुचेल ते नाव सांगितलं. नागपूरला एक्स-रे काढून आणले, असंही खोटंच सांगितलं. इतरांचे कागद ते हातात घेऊन पाहत, माझे मागितले नाहीत. सहा पिल्लं झाली. एक त्यांनी स्वतः ठेवून घेतलं, पाच त्यांच्या शब्दावर लोकांनी नेली.

त्यांनी ठेवून घेतलेली चंपी आठ महिन्यांची झाली आणि मागचे पाय फाकवून बसू लागली. उठताना कण्हायची. खुब्याचा सांधा नीट बसलेला नाही, हे बहुधा रक्तातूनच आलं असावं, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. यादोरावजी वरठीला आले, ओट्यावर बसले, पाणी प्याले.

"माय येगळीच होती ना रे?"

"हो जी."

ते उठून गेले. त्यानंतर तीन वर्षं मी त्यांच्या घरात पाऊल टाकलं नाही. बाजारात, लग्नात भेट झाली की ते चंपीचं सांगत, मी ऐकून घेत असे...

तेरवीनंतर दोन दिवसांनी त्यांच्या घरी गेलो आणि वहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, सगळं सांगितलं. त्या दारात बसून तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"मले काहून सांगून राहिले भाऊजी? पाच घरी पिल्लं हायेत, तिथं सांगा. उद्या ते बी सोयरीक करतील, या गेलेल्या माणसाचंच नाव सांगून."

चार घरी जाऊन आलो. बपेऱ्यात एका घरी कुत्रीला पुढच्या माजाला नर दाखवायचं ठरलं होतं, ते थांबलं. मालकाने मला बसा म्हटलं नाही. पाचवं पिल्लू चिखल्याच्या खाणीतल्या एका कामगाराने नेलं होतं. त्यांची बदली झाली, पत्ता मिळत नाही. फिकट पिवळा नर, छातीवर पांढरा ठिपका. हे त्यांच्या वाचनात आलं तर एवढंच ऐकावं, त्याची जोडी लावू नये. चूक यादोरावजींची नव्हती.

एवढं झाल्याचं सांगायला वहिनींकडे गेलो, तेव्हा पहिल्यांदा यादोरावजींची खोली नीट पाहिली. गुळगुळीत फरशीवर चंपीचे पाय घसरतात. म्हणून यादोरावजींनी धानाची रिकामी पोती उसवून, सुतळीने एकमेकांना शिवून, दारापासून आपल्या खाटेपर्यंत एक पट्टी अंथरली होती. खाट आता तिथे नाही. चंपी पट्टीवरून हळूहळू चालत गेली आणि ती संपते तिथे बसली. मी कडेकडेने, फरशीवरून चालत बाहेर आलो.