जाडीतला ज

कुसुम गेली, आणि आमच्या दोघांत बरोबर कोण होतं ते मला अजून कळलेलं नाही.

सकाळी तिच्या मुलीचा फोन आला. मी नुसतं "बरं" म्हणालो.

अशा बातमीवर कुणी "बरं" म्हणतं का? मी म्हणालो खरा.

साठचं दशक संपत आलं होतं. तारापूरला कर्मचाऱ्यांची वसाहत उभी राहत होती. तिच्या पाण्याच्या पाइपांचा हिशोब एका कंत्राटदाराकडे होता आणि त्याच्या बोईसरच्या ऑफिसात मी नोकरीला होतो. मी सांगलीचा, पालघरला खोली घेऊन राहायचो.

कुसुम केळवे-माहीमची. गणितात बी.एस्सी.

ऑफिसने तिला टायपिंगला बसवलं होतं.

कॉम्प्युटर मुंबईत. आम्ही इथे फोरट्रान या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्रॅम लिहायचो, ओळीगणिक एक कार्ड भोकं पाडून पंच व्हायचं आणि त्या कार्डांचा गठ्ठा मुंबईला जायचा. मशीन भाड्याचं, तेही अगदी थोडा वेळ मिळायचं. त्यामुळे प्रोग्रॅम जितका आटोपशीर तितका साहेब खूश.

कुसुम साहेबांच्या मागेच लागली. शेवटी ते म्हणाले, एक प्रोग्रॅम लिहून दाखव. जमला तर हिशोबाचं टेबल तुझं, नाहीतर टाइपरायटर आहेच.

प्रोग्रॅममधल्या आकड्यांना मी आपला T, P, D अशी नावं द्यायचो. हिने सगळी नावं मराठीत ठेवली, इंग्रजी अक्षरांत. दाब. लांबी. जाडी. आणि एकेक पायरी वेगळ्या ओळीत.

मी म्हटलं, मशीनला काय कळतंय मराठी?

तर म्हणे, मशीनला नाही, माझ्यानंतर या खुर्चीत बसेल तिला कळायला हवं.

"तिला" म्हणाली. मला हसू आलं होतं.

गठ्ठा परत आला. उत्तर असं की पाइपाला जाडीच नाही. शून्य!

झालं होतं काय, तर फोरट्रानचा एक नियम. I पासून N पर्यंतच्या अक्षराने नाव सुरू झालं की मशीन तो आकडा पूर्णांक धरायचं आणि दशांश उडवायचं. आमची जाडी अर्धा इंच. JADI मधल्या J ने ती खाऊन टाकली.

ऑफिसभर हशा. साहेब म्हणाले, मराठी पुरे, हे काम आता याच्याकडे. म्हणजे माझ्याकडे.

कुसुम चिडली की घरच्या बोलीत बोलायची. त्या दिवशी टेबलाशी बसून तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. मग एकदम माझ्याकडे वळली.

"जीवातला ज येगला, जाडीतला ज येगला. मी J लिवलाच कशाला? आमी Z बोलतो."

ZADI. नियमात बसलं, आणि उच्चारही आपला! लांबीचा L पण आडवा येत होता, तिथे तिने "पल्ला" घातला.

साहेबांनी दोघांचे गठ्ठे एकदमच मुंबईला पाठवले. तिकडून कळलं, माझा प्रोग्रॅम चुटकीसरशी संपला. हिचा चालत राहिला, चालत राहिला.

आणि उत्तरं जुळेनात.

फरक अगदी शेवटच्या दशांशात, पाइपाला त्याचं काही नाही. पण साहेबांनी विचारलं, यातलं खरं कुठलं?

वेळ वाचवायला मी बेरजांचा क्रम फिरवला होता. मशीन दर पायरीला शेवटचे थोडे दशांश गाळतं, तेव्हा क्रमाने फरक पडणारच. पण खरं कुठलं, ते मला सांगता येईना. तिला तिची प्रत्येक ओळ सांगता येत होती. खरं कुठलं, ते तिलाही माहीत नव्हतं.

साहेबही गोंधळले. शेवटी म्हणाले, चालवायला याचा, समजून घ्यायला हिचा.

कुसुमला टेबल मिळालं.

त्यानंतर कुठलाही बदल आधी तिच्या प्रोग्रॅममध्ये, मग माझ्यात. पाइप टाकून होईपर्यंत आम्ही रोज भांडलो. एकदा मी वैतागून विचारलं, आपल्यातला खरा प्रोग्रॅम कुठला ते एकदाचं सांगून टाका.

"दोनी खरे," ती म्हणाली. "पन तुमचा मला वाचता येत नाय, आनि माजा वाचायला तुमाला येल नाय." वेळ नव्हता, हे खरंच होतं.

नंतर ती कुठे, मी कुठे. वर्षातून एखादा फोन. मी दोन वाक्यांत आवरायचो. ती घरातल्या प्रत्येकाचं सविस्तर सांगायची, आणि माझं लक्ष घड्याळाकडे.

आज तिची मुलगी म्हणाली, काका, आईबद्दल काहीतरी लिहा.

मी लिहिलं, "कुसुम गेली. फार वाईट झालं." वाचलं. तिला न ओळखणाऱ्याला यातून काय कळणार?

पुसलं, आणि हे लिहायला बसलो.

कुसुम, या वेळी एकही पायरी गाळलेली नाही. एकेक ओळ वेगळी लिहिली आहे, तुमच्यासारखी.

तरी तुम्ही नाही म्हणजे काय, ते मला कळत नाहीये.

नमस्कार करतो. या आता.