वसुधाच्या चिठ्ठ्यांची स्वच्छ प्रत

इंग्लंडात लीड्सला उतरलो तेव्हा दुपारीच अंधारून आले होते. माझ्या थोरल्या बंधूंची कन्या वसुधा येथे वनस्पतिशास्त्राचे संशोधन करीत असे. युगांडाच्या अरण्यातून ती ताप घेऊन परतली आणि आठव्या दिवशी गेली. शेवाळाची एक नवी जात सापडल्याचे तिने घरी कळवले होते. ती जात तिच्या नावाने नोंदली जावी, एवढीच आता अंथरुणावरच्या बंधूंची इच्छा. म्हणून कचेरीसमोर बावीस वर्षे अर्ज लिहिणारा मी निघालो. सदोष म्हणून माझा एकही अर्ज आजवर परत आलेला नाही.

वसुधा ज्यांच्याकडे राहत असे, त्या कांबळेताई रुग्णालयात परिचारिका आहेत. त्यांनी गरम वरणभात वाढला आणि बुटांचा एक खोका पुढे ठेवला. त्यात कागदी पुड्या होत्या व पुड्यांत लिव्हरवर्ट (घनदाट रानात, झाडांच्या ओल्या पानांवर वाढणारे चपटे शेवाळ).

"वरचं झाड तोडलं, की उन्हानं हे मरतं म्हणायची," ताई म्हणाल्या.

प्रत्येक पुडीत मातीने मळलेली एक चिठ्ठी होती. तीवर पेन्सिलीने झाड, उंची, ओल लिहिलेली. कडेला वर्तुळे आणि वर्तुळांत ठिपके.

असा कागद कोणते कार्यालय स्वीकारील? दोन दिवस बसून मी टपोऱ्या अक्षरांत सर्वांची स्वच्छ प्रत काढली. ठिपके निरर्थक म्हणून वगळले. मूळ चिठ्ठ्या रद्दीच्या डब्यात टाकल्या.

तिसऱ्या दिवशी ताई मला वनस्पती-संग्रहालयात घेऊन गेल्या. तेथील वृद्ध बाईंनी पुड्या उघडल्या, माझी प्रत उलटसुलट करून पाहिली आणि हलक्या आवाजात ताईंना इंग्रजीत काही विचारले. ताईंचा चेहरा उतरला.

"काका, ओरिजिनल लेबल्स कुठंयत?"

"टाकली. प्रत अधिक सुवाच्य आहे."

"अहो, ते डॉट्स! जिवंत पेशीतले तेलाचे थेंब होते ते. रानात बसून, मायक्रोस्कोपमधून बघून काढलेले. वाळल्यावर थेंब जातात. जात नवी आहे की जुनी, ते त्यावरूनच प्रूव्ह होणार होतं."

"मग रद्दीतून काढू."

"कौन्सिलची कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली, काका."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी पुडीवर दोन शब्द लिहिले. ताईंनी वाचून दाखवले: जात अनिश्चित.

घरी पोहोचताच बंधूंनी उशीवरून मान उचलली. "झाली नोंद?"

"प्रकरण विचाराधीन आहे, अण्णा."

ते समाधानाने झोपले. हेच वाक्य मी बावीस वर्षे अर्जदारांना सांगत आलो आहे.

काल ते म्हणाले, "फार दिवस झाले रे. एक स्मरणपत्र टाक. तुझ्याइतकं नेटकं कोण लिहिणार?"

कागद घेतला आहे. विषय लिहून झाला. पुढे काय लिहावे, ते प्रथमच सुचत नाही.