तिच्या स्कॅनची तारीख

"यकृतात अडीच सेंटिमीटरची गाठ आहे. कॅन्सरची आहे, पण वेळेत सापडली," डॉक्टर म्हणाले. माझी बायको मंगल त्यांच्याकडे एकटक बघत राहिली.

उपाय होता मायक्रोवेव्ह अ‍ॅब्लेशन. म्हणजे पोट न फाडता, सीटी स्कॅनच्या चित्रात बघत गाठीत सुई घालायची आणि उष्णतेने गाठ जाळायची.

"म्हणजे वांग्यासारखं भाजणार?" मंगलने विचारलं.

"तसंच समजा, ताई. तीन सेंटिमीटरपर्यंतची गाठ पुरती जळते. मोठी असली की कडेने कच्ची राहते."

गाठ जाळल्यावर तिसऱ्या दिवशी ती चिखलीच्या घरी आली. महिन्याने केलेला स्कॅन स्वच्छ निघाला. तेव्हा डॉक्टरांनी मला बजावलं, "दर तीन महिन्यांनी स्कॅन करा. नवी गाठ येऊ शकते. लहान असताना सापडली तर पुन्हा जाळता येईल." मंगल त्या वेळी तपासणीसाठी रक्त द्यायला गेली होती.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी बघतो. मोजमापाच्या साधनाची तपासणीची तारीख एक दिवस जरी उलटली, तरी ते कुणाला वापरू देत नाही. मंगलच्या पुढच्या स्कॅनची जी तारीख मिळाली, त्याच दिवशी ग्राहक आमच्या कंपनीच्या ऑडिटला येणार होता. मी रजा मागितलीच नाही. घरी सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, आता वर्षाने या." तिने शेजारीपाजारी पेढे वाटले. मग खरं सांगायची हिंमत झाली नाही. हॉस्पिटलचे फोन मी कट करत राहिलो.

दहाव्या महिन्यात तिचं पोट दुखू लागलं. नवी गाठ सहा सेंटिमीटरची होती, मोठ्या रक्तवाहिनीत शिरलेली.

"आता सुईचा उपयोग नाही. मध्ये आला का नाहीत?"

"तुम्हीच वर्षाने या म्हणालात ना, डॉक्टर?" मंगल म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

परतताना बसमध्ये मी तिला सगळं सांगितलं. सांगताना रडलो.

"गप बसा, लोक बघतायत," ती म्हणाली. पुढचे दोन स्टॉप गेल्यावर तिने विचारलं, "झालं का पास तुमचं ऑडिट?"

"झालं."

आता गोळ्या चालू आहेत. त्या गाठ थोपवतात, घालवत नाहीत. तुमच्या घरी असा पेशंट असेल, तर डॉक्टरांचं बोलणं त्याला त्याच्याच कानांनी ऐकू द्या.

मंगल मला अजून सोबत येऊ देते, हे तिचे उपकार. पण डॉक्टरांकडे ती एकटीच आत जाते. बाहेर येऊन म्हणते, "ठीक आहे म्हणाले." मी मान डोलावतो. खरं का, असं विचारायचं तोंड मला नाही.