आगाऊ माफी

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली, कारण तीत शेळी माझी आहे.

ओतूरला आमच्या शेजारी एक कॅथलिक मोटार-मिस्त्री राहतो. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो आणि माणसांना आगाऊ क्षमा करतो. कुणी दारात आलं की म्हणतो, "माफ केलं, भाऊ. आता बोला." कारण विचारलं तर सांगतो, "राग धरला की जेवण जात न्हाई, आन मला जेवण लई आवडतं."

एका वर्षी ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये फादरांनी आशीर्वाद दिलेली झावळी त्याने दारावर लावली. ती वर्षभर तिथंच राहायची असते. माझ्या शेळीने मागच्या पायांवर उभं राहून ती दुपारीच खाल्ली. मी घाबरून मिस्त्रीला म्हणालो, "मेंढरांनी खाल्ली."

गावातला मेंढरंवाला मिस्त्रीचा जिवलग. संध्याकाळचा चहा दोघांचा एकत्र. मिस्त्रीने भर चौकात त्याला मिठी मारली. "झावळी खाल्ली ती माफ केली, राव!"

"अरे, पर मेंढरू दारावर चढंल कसं?"

"त्येबी माफ केलं!"

मेंढरंवाला असा भडकला की पुन्हा त्याच्या दारात आला नाही. मिस्त्री मात्र अजून रोज दोन कप चहा मांडतो.

खरं सांगायला मी कितीदा तरी गेलो. परवाही गेलो. म्हणालो, "मिस्त्री, ती झावळी..."

"माफ केलं, भाऊ!" म्हणत त्याने दुसरा कप माझ्या हातात दिला.

तो कप मेंढरंवाल्याचा होता. मी तो पिऊन घरी आलो.